रंगाचा हात

मराठीत रंगाच्या थराला 'हात' म्हणतात. भिंतीला चुन्याचा एक हात दिला, दाराला रंगाचे दोन हात दिले, असे आपण सहज बोलून जातो. रंग डब्यातला, कुंचला दुकानातला. तरी नाव मात्र हाताचे! या शब्दात केवढा अर्थ साठविलेला आहे, हे कोल्हापुरातील एका बारा वर्षांच्या मुलाला एका लहानशा मोटारीने शिकविले.

ती मोटार जपानमध्ये नोकरीस असलेल्या मामाने भाच्यासाठी पाठविली होती. पेटी उघडली तेव्हा मात्र तीत मोटार अशी काही दिसेना. प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले अनेक बारीकसारीक भाग, चार रबरी टायर, सूचनांची एक घडी आणि एका जाड कागदावर छापलेले काही आकडे, काही अक्षरे व एक लाल वर्तुळ, एवढाच तो ऐवज होता. होंडा कंपनीच्या 'आरए २७२' या शर्यतीच्या मोटारीची ती प्रतिकृती. खऱ्या मोटारीच्या २० सेंटिमीटरांना येथे १ सेंटिमीटर, असे तिचे प्रमाण होते. सारे भाग जोडले, म्हणजे वीतभरही लांबी भरायची नाही!

मामाने सोबत पत्र लिहिले होते. पूर्वी मोटारींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत प्रत्येक देशाचा रंग ठरलेला असे. ब्रिटनची मोटार हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी. १९६४ साली होंडा कंपनी या शर्यतींत उतरली, तेव्हा तिने आधी सोनेरी रंग मनात धरला होता. परंतु तो रंग अगोदरच दुसऱ्या देशाकडे गेलेला होता. मग मोटारीला हस्तिदंती पांढरा रंग द्यावा आणि नाकाडावर जपानच्या ध्वजावरील लाल सूर्य काढावा, असे ठरले. २४ ऑक्टोबर १९६५ रोजी मेक्सिको शहरात ही मोटार धावली. ते शहर समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेथील विरळ हवेत इंजिनांचा जोर कमी पडतो. अशा ठिकाणी रिची गिंथर या अमेरिकन चालकाने ११ क्रमांकाची ही मोटार पहिल्याच फेरीत पुढे काढली, ती ६५ फेऱ्या संपेपर्यंत मागे पडू दिली नाही. शेवटी मागची मोटार ३ सेकंदांच्या आत येऊन ठेपली होती. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत जपानी मोटारीने मिळविलेला तो पहिला विजय होता.

पत्राच्या अखेरीस मामाने लिहिले होते, "तो लाल सूर्य जपून लाव. त्या मोटारीचा तोच चेहरा आहे."

घरात आजोबा होते. त्यांनी चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगविल्या होत्या. बाबूराव पेंटरांसारखे कलावंत ज्या नगरीत होऊन गेले, तेथे 'पेंटर' ही हाक मानाचीच होती. बाजारपेठेतून आजोबा चालू लागले, की दुकानदार गादीवरून त्यांना नमस्कार करीत. पुढे संगणकावर छापलेले फ्लेक्सचे फलक आले. आठ दिवस खपून रंगविलेली पाटी एका रात्रीत छापून होणाऱ्या फलकापुढे टिकली नाही. आजोबांनी आपले कुंचले धुऊन, फडक्यात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. त्याबद्दलही ते बोलत नसत.

मुलाने तो छापील कागद त्यांना दाखविला. "आजोबा, ही अक्षरे रंगवायची नाहीत. कागद पाण्यात भिजवला, की ती सुटून येतात. यांना डीकल म्हणतात."

आजोबांनी कागद न्याहाळला आणि परत दिला. "आयती अक्षरे!" एवढेच ते म्हणाले.

शनिवारी शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरायचे होते. आज सोमवार. मोटारीची जोडणी झाली होती. रंग तेवढा राहिला होता. मुलाने हिशेब केला : मंगळवारी रंग, बुधवारी डीकल, गुरुवारी वार्निश. रंगाचा डबा उघडून तो बसला, तोच आजोबांनी विचारले, "धुतलीस का?"

"काय?"

"मोटार. तुझ्या बोटांचे तेल लागले असेल तिला. तेलावर रंग धरत नाही."

मुलाने मोटार साबणाच्या पाण्याने धुतली. मग आजोबांनी अस्तराची आठवण केली. अस्तर म्हणजे रंगाच्या आधी द्यावयाचा साधा, करडा हात. तो कोणाला दिसत नाही. परंतु वरचा रंग त्यालाच धरून राहतो. अस्तर वाळल्यावर बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून तो पृष्ठभागावरून हळू फिरवायचा, म्हणजे कण व रेघा निघून जातात. मंगळवार त्यातच गेला. मुलगा मनातून चडफडत होता.

बुधवारी पांढऱ्या रंगात पिवळ्याचा एक थेंब घालून त्याने हस्तिदंती छटा तयार केली. पांढरा रंग दिसायला साधा; पण त्याच्याइतका हट्टी रंग नाही. खालचा करडेपणा तो लवकर झाकीत नाही. म्हणून जाड रंग फासावा, तर तो ओघळतो आणि मोटारीच्या पत्र्यांचे बारीक सांधे बुजून जातात. आजोबा म्हणाले, "पातळ हात दे. पहिल्या हाताला सगळे झाकायचे नसते. एकाने राहिले, ते दुसऱ्याने भरून येते." पहिल्या हातानंतर मोटार ठिगळासारखी दिसली. दुसऱ्यानंतर बरी दिसू लागली. तिसऱ्या हातानंतर मात्र ती खरोखरच हस्तिदंताची वाटू लागली.

रंग वाळला की नाही, हे पाहण्याचा मोह मुलाला आवरेना. रात्री निजण्यापूर्वी त्याने नाकाडावर अलगद बोट टेकवले. सकाळी पाहतो, तो तेथे त्याच्या बोटाचा ठसा, वळ्यावळ्यांसह, उमटलेला! वरून कोरडा भासणारा रंग आतून मऊच होता.

त्याने ओल्या रंगावरच कुंचला फिरवून ठसा बुजविण्याचा बेत केला. आजोबांनी त्याला थांबविले. "आता काही करू नकोस. दोन दिवस कडक होऊ दे. मग घासून काढ आणि पुन्हा हात दे."

"पण आजोबा, शनिवारी प्रदर्शन आहे!"

"रंगाला ते ठाऊक नाही," आजोबा शांतपणे म्हणाले.

शनिवारी प्रदर्शन भरले. मित्रांची जहाजे, घरे, मातीची फळे टेबलांवर मांडली गेली. मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेली जागा रिकामी राहिली. तो दिवसभर त्या टेबलाकडे फिरकला नाही. घरी आला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आजोबांनी काही विचारले नाही. ठसा पडलेली मोटार आणि वॉटर पेपरचा तुकडा त्यांनी फक्त त्याच्यापुढे सरकवला.

आता घाई करण्याचे कारणच उरले नव्हते. ठसा घासून गेला. नव्या रंगाचे हात चढले. त्यावर वार्निशचा एक हात बसला. तो का द्यायचा, हे मामाच्या पत्रात होते. खडबडीत रंगावर डीकल लावले, तर त्याच्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि छापील पापुद्र्याची कडा चांदीसारखी चमकून उठते. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र पापुद्रा असा बसतो, की तो रंगाचाच भाग वाटावा.

मुलाने ११ हा आकडा कागदातून कापून घेतला व कोमट पाण्यात बुडवला. कागदावर आधी विरघळणारा डिंक, त्यावर अतिशय पातळ पापुद्रा आणि त्यावर छपाई, अशी त्याची रचना असते. पाणी कागदातून झिरपून डिंकापर्यंत पोचले, की पापुद्रा मोकळा होतो. काही वेळाने आकडा कागदावरून सरकू लागला. ओल्या कुंचल्याच्या टोकाने मुलाने तो मोटारीवर नेला, केसभर डावीकडे घेतला, केसभर खाली ओढला आणि सुती फडक्याने मधून कडेकडे दाबीत पाणी टिपून घेतले.

आजोबा खुर्ची पुढे ओढून पाहत होते. "अरे, हीही अक्षरे आयती नव्हेत," ते हळूच म्हणाले. "यांनाही हात लागतो."

राहिला लाल सूर्य. तो सर्वांत मोठा, म्हणून त्याला अधिक वेळ भिजू देणे जरूर होते. एवढ्या दिवसांच्या संयमानंतर येथे नेमका मुलाचा धीर सुटला. डिंक पुरता विरघळण्याआधीच त्याने पापुद्रा ओढला. तो मधोमध फाटला आणि त्याचे अर्धे टोक स्वतःवरच गुंडाळले गेले.

खोलीत कोणी बोलले नाही. मोटारीचा चेहरा बशीतल्या पाण्यात दोन तुकडे होऊन तरंगत होता.

"तुम्ही रंगवाल का, आजोबा?" मुलाने अखेर विचारले. "तुम्ही तर किती वर्तुळे काढली असतील!"

आजोबा उठले. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून फडक्याची गुंडाळी काढली आणि एक बारीक कुंचला निवडला. तो लाल रंगात बुडवून त्यांनी एका पुठ्ठ्यावर टेकवला. हात थरथरत होता. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताचे मनगट धरले, तरी रेघ वाकडीच गेली. क्षणभर ते त्या रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी कुंचला नातवापुढे धरला.

"हात थकला माझा, डोळे नाही थकले. तू रंगव. मी पाहतो."

आजोबांच्या औषधाच्या बाटलीचे झाकण फाटलेल्या सूर्याच्या मापाचे निघाले. रंगकामाच्या कागदी चिकटपट्टीवर ते ठेवून मुलाने वर्तुळ आखले आणि आईच्या बारीक कात्रीने ते आतून कापून काढले. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथीचे भोक गोल उतरले. मोटारीच्या उतरत्या नाकाडावर पट्टीला सुरकुती पडू लागली, तेव्हा आजोबांनी बाहेरच्या कडेला लहान लहान चिरा पाडायला सांगितले. भोकाची कड मुलाने नखाने दाबून घेतली आणि लाल रंगाकडे हात नेला.

"थांब. आधी त्या कडेवर हस्तिदंतीच रंगाचा हात दे."

"पांढऱ्यावर पांढरा कशाला, आजोबा?"

"पट्टीखाली कुठे ना कुठे फट राहतेच. रंग तीत शिरणारच. मग पहिल्याने जो शिरायचा, तो खालच्या रंगाचाच शिरू दे. फट त्याने बुजेल. पाठचा लाल रंग बाहेर फुटणार नाही."

चाळीस वर्षांत बाजारपेठेतील किती पाट्यांची अक्षरे या युक्तीने रेखीव झाली असतील! ती कोणत्याही सूचनापत्रात छापलेली नव्हती. आज ती थरथरत्या हातांतून एका लहान हातात आली.

हस्तिदंतीचा एक हात, तो वाळल्यावर लालाचे तीन. शेवटचा हात अगदी कडक होण्यापूर्वी मुलाने पट्टी तिरकी धरून, सावकाश, मागे मागे ओढली. पट्टी निघाली, आणि खाली लाल सूर्य उगवला.

एका जागी कड केसभर हललेली होती. मुलाने ती दाखविली. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिले. "असू दे," ते म्हणाले. "छापलेला नाही, एवढे तरी कळेल."

वार्निशचा शेवटचा हात वाळल्यावर मोटार फळीवर ठेवायची, तेवढ्यात मुलाला काही आठवले. बाजारपेठेत एक जुनी पाटी अजून टिकून होती. तिच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत आजोबांचे नाव होते. प्रत्येक रंगारी पाटी पुरी झाल्यावर असे नाव घालीत असे.

त्याने मोटार उलटी केली. "आजोबा, येथे तुमची सही करा."

"माझी? रंगविलीस तू!"

"हात माझे होते. डोळे तुमचे."

आजोबांनी कुंचला घेतला. या वेळी त्यांनी मनगट धरले नाही. शिरोरेघ थरथरत गेली, अक्षरे एकमेकांकडे कलली. पण नाव पुरे झाले. मग त्यांनी कुंचला नातवाकडे दिला आणि त्या नावाशेजारी बोट ठेवून, त्याचे नाव कोठे यायचे ती जागा दाखविली.

आता ती मोटार त्यांच्या खोलीतील फळीवर आहे. येणारे जाणारे तिचा लाल सूर्य पाहून थबकतात आणि तो छापील की काय, असे विचारतात. तेव्हा आजोबा मोटार अलगद उचलतात आणि उलटी करून दाखवितात.