पोहोच

बोललेलें वाऱ्यावर जातें आणि लिहिलेलें टिकतें, अशी आम्हां लेखणी बाळगणाऱ्या मंडळींची जुनी समजूत आहे. सन २०२० च्या ज्येष्ठांत, केळशीस आमच्या वडिलार्जित घराच्या ओटीवर, ही समजूत आमच्यापुरती तरी खोटी ठरली. ती कशी ठरली हें सांगण्यांत आमची थोडी फजिती आहे. परंतु ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत आणि त्यांचे बोल संगणकांत उतरवून ठेवावे असें ज्यांच्या मनांत आहे, त्यांच्या ती उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहों.

त्या वर्षींच्या टाळेबंदीमुळें आम्ही मुंबईहून येऊन केळशीसच अडकलों होतों. घरीं आमच्या आत्याबाई. वय चौऱ्याऐंशीचें, दृष्टि अधू, पण स्मरण लख्ख. जात्यावरच्या ओव्या, महालक्ष्मीच्या यात्रेंतले जुने मानपान, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला, असें कायकाय त्यांच्यापाशीं होतें. दुपारची झोंप झाली कीं झोपाळ्यावर बसून त्या सांगत आणि आम्ही लिहून घेत असूं. आमचा संगणक मांडीवर घेऊन बसण्याचा होता खरा. पण त्याची बॅटरी केव्हांच निकामी झाली होती, आणि भिंतींतून वीज येईल तोंवरच तो जागा राही. दोन महिन्यांत दोनशें अकरा ओव्या जमल्या. त्या सर्व एकाच फाइलींत होत्या.

३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आलें. सकाळपासूनच माड वांकूं लागले होते. आम्हीं घाईघाईनें आदल्या रात्रींच्या चार ओव्यांतल्या चुका दुरुस्त केल्या, जतन करण्याची आज्ञा दिली, 'जतन झालें' हें उत्तर पडद्यावर वाचलें, आणि पुढच्याच क्षणीं वीज गेली. दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस वादळ किनाऱ्यावर चढलें. त्याच्या झपाट्यांत केळशी-आंजर्ल्याच्या नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरोघरचीं कौलें उडालीं. पुढें कित्येक दिवस गांवांत वीज नव्हती. ती आल्यावर आम्हीं फाइल उघडली. नांव जागच्या जागीं होतें. आंत एक अक्षर नव्हतें.

आत्याबाईंस सांगणें भाग होतें. त्या रागावल्या नाहींत. झोपाळा पायानें थांबवून त्यांनीं एवढेंच विचारलें, "जतन झालं म्हणालास ना? मग ठेवलंस कुठं?"

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचा तो सारा पावसाळा गेला. जाणत्या माणसांस विचारून जें समजलें, तें थोडक्यांत असें.

संगणकापाशीं ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक स्मृति, ती अत्यंत चपळ, पण वीज आहे तोंवरच तिला आठवतें. दुसरी डिस्क, ती मंद, पण वीज गेली तरी विसरत नाहीं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची तबकडी एका फेऱ्यास सुमारें आठ सहस्रांश सेकंद घेते. आपणांस हा काळ नगण्य वाटेल; पण स्मृतीच्या मानानें तो सुमारें लाखपट. म्हणून लिहिणारा कार्यक्रम जेव्हां मजकूर स्वाधीन करतो, तेव्हां संगणकाची कार्यप्रणाली तो स्मृतींत ठेवून घेते आणि तत्काळ 'झालें' म्हणते. डिस्कवर तो मागाहून, सवडीनें, इतर मजकुराबरोबर एकदम जातो. लिनक्स नांवाच्या प्रणालींत ही सवड साधारण तीस सेकंदांची असते. यांत लबाडी नाहीं. आपणांस वाट पाहण्याचा कंटाळा, म्हणून आपल्याचसाठीं केलेली ती सोय आहे. पत्र पेटींत टाकून आपण निर्धास्त घरीं येतों. पेटी संध्याकाळीं उघडते, आणि मधल्या वेळांत पत्र कोठेंच पोहोंचलेलें नसतें, तसेंच हें.

परंतु दुरुस्ती चार ओव्यांची. मग बाकीच्या दोनशें सात कां जाव्या? याचें उत्तर अधिक बोंचरें आहे. आमचा कार्यक्रम जुन्या वळणाचा होता. जतन करतांना तो आधीं जुनी फाइल पुसून रिकामी करी आणि मग सगळा मजकूर नव्यानें लिही. पुसल्याची नोंद डिस्कवर झाली. लिहिलेलें मात्र स्मृतींतच राहिलें. आमच्यासारखीं माणसें एकटींदुकटीं नव्हतीं. लिनक्सवर एक्स्ट-फोर नांवाची फाइल-व्यवस्था नवी असतांना, २००९ सालीं अनेकांस अशाच रिकाम्या फाइली आढळल्या. तिच्या कर्त्यांपैकीं थिओडोर त्सो यांचें म्हणणें पडलें कीं, कार्यक्रमांनीं मजकूर डिस्कवर नेण्याची आज्ञाच दिली नव्हती. वापरणारे म्हणाले, आजवर न देतां चालत होतें. शेवटीं दोन्ही बाजूंनीं सुधारणा झाली.

ती आज्ञा म्हणजे 'एफसिंक'. तिचा अर्थ, 'या फाइलीचें जें कांहीं स्मृतींत आहे तें डिस्कवर ने, आणि डिस्कनें घेतलें असें म्हटल्याखेरीज मला उत्तर देऊं नकोस.' शहाणा कार्यक्रम जुन्या फाइलीस हातच लावीत नाहीं. तो नवा मजकूर निराळ्या नांवानें लिहितो. एफसिंक करून पोहोच घेतो. मग नव्या फाइलीस जुनीचें नांव देतो. आणि ज्या सूचींत हीं नांवें असतात तिचीहि पोहोच घेतो. मध्येंच वीज गेली, तर जुनें तरी पुरें राहतें किंवा नवें तरी पुरें. पूर्वींचे कारकून ओल्या शाईवर वाळू टाकून अक्षर वाळल्याशिवाय कागदाची घडी घालीत नसत, त्यांतलाच हा प्रकार. केळशीच्या किनाऱ्यावर वाळूस कधीं तोटा नव्हता. तोटा होता तो आमच्या धीराचा.

'पोहोच' हा शब्द आम्हीं वर सहज वापरला, पण तो आत्याबाईंचा आहे. आमचें हें सर्व विवेचन ऐकून घेऊन त्यांनीं माजघराच्या खुंटीकडे बोट दाखविलें. तेथें एक तार लोंबते. त्यांचे यजमान गिरगांवांत नोकरीस होते आणि दरमहा घरीं मनिऑर्डर करीत. त्या अर्जाचा एक तुकडा, पैसे घेणाऱ्याची सही होऊन, पाठविणाऱ्याकडे परत जाई. ते तुकडे यजमानांनीं वर्षानुवर्षें तारेंत ओंवून ठेविले. ते वारल्यावर ती तार त्यांच्या ट्रंकेंतून केळशीस आली. "पैसे पोस्टांत भरले म्हणजे पोहोंचले नव्हे," आत्याबाई म्हणाल्या. "माझी सही परत गेली म्हणजे पोहोंचले. तोंवर ते दुसरा खर्च करीत नसत."

या शेवटच्या वाक्याचें मर्म आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें. पोस्टग्रेस्क्यूएल नांवाचा मोठमोठ्या नोंदी सांभाळणारा कार्यक्रम आहे. त्याच्या चालकांस २०१८ सालीं एक विलक्षण गोष्ट आढळली. डिस्कवर लिहितांना बिघाड झाला, कीं लिनक्स एकवार 'पोहोंचलें नाहीं' असें सांगे. पण पुन्हां एफसिंक केल्यास 'सर्व पोहोंचलें' असें उत्तर येऊं शके. कारण मधल्या वेळांत स्मृतींतील तो मजकूर लिहिला गेल्याचें गृहीत धरून तिनें तो सोडून दिलेला असे. २०१९ पासून तो कार्यक्रम असा नकार मिळतांच पुन्हां विचारीत बसत नाहीं. काम थांबवितो आणि आपल्या रोजमेळावरून खतावणी पुन्हां उभी करतो. खोट्या पोहोचेचा खरा धोका हाच. पत्र हरवतें एवढेंच नव्हे. पोहोंचलें असें समजून पाठविणारा आपल्याजवळची प्रत टाकून देतो.

भाद्रपदांत आम्ही पुन्हां लिहावयास बसलों. नवी बॅटरी आणली, आणि एका जाणत्या तरुणाकडून अशी एक लहानशी आज्ञावली लिहवून घेतली कीं, वरील सर्व पायऱ्या पुऱ्या झाल्यावरच पडद्यावर 'पोहोंचली' हा शब्द उमटावा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी हातानें वहींत. कारण एफसिंक विजेपासून राखतें, डिस्कच मेली तर तें काय करणार? प्रत्येक ओवी झाली कीं आत्याबाई झोपाळा थांबवीत आणि विचारीत, "पोहोंचली का?" आम्ही पडद्याकडे पाहत असूं, आणि तो शब्द दिसल्यावरच "पोहोंचली" म्हणत असूं. मग झोपाळा हाले.

दोनशें अकरांपैकीं एकशें अडुसष्ट परत आल्या. बाकीच्यांसाठीं त्यांनीं फार प्रयत्न केला. एके दिवशीं अर्ध्या चरणावर थांबून, जणूं आपलीच चूक सांगावी तसें त्या म्हणाल्या, "तूं लिहून घेतल्यास, तेव्हां मीं त्या सोडल्या रे. इतकीं वर्षं धरून ठेवल्या होत्या." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढच्या माघांत त्या गेल्या.

त्या अर्ध्या चरणाचीहि आम्हीं पोहोच घेतली आहे. वहींत त्याच्यापुढची जागा कोरी ठेविली आहे.