बद्द वाजणारा टाळ

परवा वाटीभर चिंच कोमट पाण्यात भिजत घातली. स्वयंपाकासाठी नव्हती. एका निमित्ताने माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून टाळ खाली काढावे लागले होते आणि ते पार काळपट हिरवे पडले होते. कोळ घेऊन अंगठ्याने घासायला लागले आणि तो वास आला. चिंच आणि जुने पितळ एकत्र आले की आंबट, किंचित रक्तासारखा वास सुटतो. मोरीच्या उंबऱ्यावर मी हात तसेच ओले धरून बसून राहिले. नाताळाच्या आदल्या आठवड्यात आमच्या घराच्या ओट्यावर हाच वास असायचा. आई टाळ घासायची, पितळी समई घासायची आणि मग उरलेल्या चिंचेने स्वतःच्या हातातला तांब्याचा वेढा उजळायची.

टाळांच्या दोन वाट्यांपैकी एकीला काठापासून मधल्या भोकाच्या जरा अलीकडेपर्यंत चीर आहे. त्यामुळे जोडी वाजवली की नाद लांबत नाही. बद्द वाजते.

ती चीर पडली तेव्हा मी दहा वर्षांची होते.

बहात्तरच्या दुष्काळाचे वर्णन मी करत बसत नाही. नगर जिल्ह्यात ज्यांनी तो काढला त्यांना मिलोच्या लाल भाकरीची चव आणि सुकडीचा वास अजून आठवतो, एवढे पुरे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावातल्या आमच्या छोट्या मंडळीची उपासना चालवायचे. दिवसभर ते आणि आई खडी फोडायला जायचे. संध्याकाळी चर्चमध्ये, म्हणजे शाळेच्याच एका खोलीत, कंदील लावून प्रार्थना व्हायची. त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ हगवणीने गेला. दीड वर्षाचा होता. सकाळी त्याला पुरले आणि तो वार नेमका प्रार्थनासभेचा होता. सभा होणार नाही असे सगळ्यांनी धरले होते. पण अंधार पडल्यावर आई उठली, कंदिलाची काच पुसली आणि चालू लागली. दादा मागून गेले. मग एकेक करून माणसे आली.

दादांनी गीत सुरू केले आणि पहिल्याच ओळीत त्यांचा आवाज गेला. कोणाला पुढे गाता येईना. तेव्हा आईने त्यांच्या मांडीवरचे टाळ उचलले. ती गायली नाही. तिचे ओठ मिटलेले होते, मी समोरच बसले होते, मला स्वच्छ दिसत होते. ती फक्त टाळ वाजवत राहिली. ठेका चालू आहे म्हटल्यावर मागच्या एका म्हातारीने शब्द धरले, मग दुसऱ्या कोणी, मग सगळ्यांनी. कडव्यामागून कडवे झाले. आई थांबली तेव्हा एक वाटी चिरली होती.

हे दृश्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या बाजूंनी पाहत आले आहे. तो विश्वास होता की संताप होता? ती देवाची स्तुती करत होती की त्याच्या दारावर थापा मारत होती?

हे टाळ मुळात आमच्या चर्चमधले नव्हेत. ते माझ्या पणजोबांचे. पणजोबा वारकरी होते. आमचा नेवासे तालुका, जिथे 1290 साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे मानतात तो पैस अजून उभा आहे. त्या मातीत हरिपाठ कानावर न पडता कोणी वाढत नाही. पण आम्ही गावकुसाबाहेरचे. पणजोबा दिंडीच्या मागे मागे चालत पंढरपुराला जायचे आणि चोखोबाच्या पायरीशी थांबायचे. त्यापुढे जाण्याची त्यांच्या जातीला मुभा नव्हती. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार उघडले ते 1947 साली. पणजोबा तोवर उरले नव्हते. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. गळ्यातली माळ उतरवली. टाळ मात्र ठेवले.

पणजी दुसऱ्या वाटेने आली. 1899-1900 च्या दुष्काळात आईबाप गमावलेली ही मुलगी मिशनच्या अनाथाश्रमात पोचली. शाळेत असताना मला एकीने सांगितले होते, तुम्ही भाकरीसाठी बाटलेले. मी घरी येऊन रडले. पुढे शिक्षिका झाल्यावर स्टाफरूममध्येही तेच वेगळ्या, सभ्य शब्दांत ऐकले. शिवाय, तुमचे मराठी चांगले आहे हो, असेही. माझे मराठी चांगले का असू नये? नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला 1842 साली. आमच्या आज्या त्यावर वाचायला शिकल्या. भाकरीचे म्हणाल तर मला आता त्याची लाज वाटत नाही. आठ वर्षांची पोर उपाशी मरत होती आणि कोणीतरी तिला भाकरी दिली. ज्याने स्वतःची ओळख भाकर म्हणून करून दिली त्याच्याकडे ती भाकरीच्याच वाटेने गेली, यात कमीपणा कोणता?

पंडिता रमाबाईंचे नाव इथे आपोआप येते. दुष्काळाने त्यांचेही आईवडील नेले होते. पुढे दुष्काळातल्याच शेकडो मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणले. पण मला त्यांचे आठवते ते शेवटचे वर्ष. 1921 साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. या दोन मृत्यूंमध्ये वर्षाचेही अंतर नाही, आणि त्या महिन्यांत त्या काय करत होत्या, तर बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी ते केले होते. मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवले, छापले. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला 1924 मध्ये. लेकीमागे उरलेल्या आईने प्रुफांवर मान वाकवलेली मला दिसते, आणि तिच्या शेजारी मला माझी आई दिसते, कंदिलाच्या उजेडात, ओठ मिटलेली. दोघींची बरोबरी नाही, हे मला कळते. तरी दिसतात.

टाळ ख्रिस्तमंदिरात कसे आले ही गोष्ट मोठी आहे आणि तिचे श्रेय बरेचसे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना जाते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळे त्यांनी मराठी मंडळीच्या ओंजळीत घातले. त्यांच्या आधीही मराठी गीते होती, पण पुष्कळांच्या चाली समुद्रापलीकडच्या. दादा टिळकांचे भक्त होते. माझा जीव मात्र लक्ष्मीबाईंवर. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये आणि लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी त्या पाच वर्षांपाशी नेहमी रेंगाळते. नवऱ्याचा धर्म एका दिवसात बदलला आणि हिचे माहेर, सासर, सोवळे, सगळे मोडून पडले. तिने घाई केली नाही. तिचा विश्वास तिच्या पायाने आला, तिच्या वेळेला आला. आमच्या प्रवचनांत टिळकांचे नाव दहादा येते, तर या बाईच्या त्या पाच वर्षांचे एकदा तरी यावे, असे मला फार वाटते. जे अजून अंगणात उभे आहेत, ज्यांना आत यायला पाय होत नाहीत, त्यांनी ते ऐकायला हवे.

मीही तशी अंगणात उभी होते, चौदा वर्षांपूर्वी. माझे पती दोन वर्षे आजारी होते. शेवटच्या महिन्यांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि त्यात एक पाळक आले. चांगले, शिकलेले गृहस्थ. प्रार्थना झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘कुठंतरी विश्वास कमी पडतोय, बाई. तपासून पाहा.’’ मी पाहिले. रात्र रात्र पाहिले. कोणत्या रविवारी माझे मन लागले नव्हते, कोणती प्रार्थना मी पेंगत केली होती, कोणाबद्दल वाईट बोलले होते. नवऱ्याच्या उशाशी बसून मी हा हिशेब करत होते आणि त्या हिशेबात त्यांच्याशी बोलायचे राहून गेले. पाळकांना मी क्षमा केली आहे असे मी अनेकदा प्रार्थनेत म्हटले आहे. परवा चिंचेच्या वासात कळले, पुरती केलेली नाही.

ईयोबाचे मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर. माझ्याकडे त्या सात दिवसांसारखी एक बाई आली होती. शाळेतली आमची शिपाईण. रोज संध्याकाळी यायची, मोरीतली भांडी घासायची, पिठले टाकायची, दोन भाकऱ्या थापून कपड्यात गुंडाळून ठेवायची आणि जायची. तिने माझ्यासाठी प्रार्थना केली की नाही मला माहीत नाही. ख्रिस्ती नव्हती ती. पण त्या दिवसांत परमेश्वराने मला सोडले नव्हते हे मी कशावरून सांगते, असे कोणी विचारले तर मी त्या घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांकडे बोट दाखवीन.

पती गेल्यावर आई माझ्याकडे येऊन राहिली. ऐंशीच्या घरात होती. एका रात्री मी तिला चाळीस वर्षे अडलेला प्रश्न विचारला, त्या रात्री तू गायली का नाहीस? आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘गळ्यात काय नव्हतंच, बाई. पण हाताला काय तरी काम नको का?’’ आणि कुशीवर वळली.

एवढेच. मला वाटले होते ती देवाविषयी काही सांगेल.

त्यानंतरच्या उत्तम शुक्रवारी वाचन ऐकताना मी दचकले. लूकच्या शुभवर्तमानात त्या स्त्रिया कबर पाहून घरी जातात आणि सुगंधी द्रव्ये तयार करतात. मग शब्बाथ, म्हणून स्वस्थ राहतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी अगदी पहाटे, तयार केलेली द्रव्ये घेऊन निघतात. त्यांना पुनरुत्थानाची आशा नव्हती. असती तर प्रेताला लावायची द्रव्ये कशाला घेतली असती? गळ्यात काही नव्हतेच त्यांच्याही. हाताला काम होते म्हणून त्या त्या वाटेवर होत्या, आणि त्या वाटेवर होत्या म्हणून ती बातमी जगात सगळ्यांत आधी त्यांना कळली. इतके उत्तम शुक्रवार ऐकूनही मला हे दिसले नव्हते. आईने दाखवले, आणि दाखवते आहे हे तिला ठाऊकही नसावे.

2020 च्या ईस्टरला, 12 एप्रिलला, सगळे बंद होते. आयुष्यात पहिल्यांदा मी पुनरुत्थानाच्या पहाटे कबरस्तानातल्या उपासनेला गेले नाही. आई आदल्या वर्षी गेली होती. साडेपाचला गॅलरीत उभी राहिले, खाली रस्ता रिकामा. टाळ घेतले आणि हळूच वाजवले. गाण्याचा धीर झाला नाही. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माई राहतात, माझ्याहून मोठ्या, नुसती तोंडओळख. त्यांच्या गॅलरीत दिवा लागला. त्या बाहेर आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मी थांबेपर्यंत आत गेल्या नाहीत.

त्याच वर्षी आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपुराला गेल्या. ज्या दिवशी एरवी पुण्यात टाळांशिवाय दुसरे ऐकू येत नाही, त्या दिवशी चिटपाखरू नव्हते. संध्याकाळी माई त्यांच्या गॅलरीत एकट्या उभ्या होत्या, हात जोडून. मी माझ्या गॅलरीत गेले आणि उभी राहिले. तेव्हापासून आमचे येणेजाणे आहे. नाताळाला करंज्या तिकडे जातात, संक्रांतीला गूळपोळ्या इकडे येतात.

गेल्या आठवड्यात माई आल्या. यंदा पुण्याहून सासवडपर्यंत तरी चालायचे त्यांनी ठरवले आहे, दिवेघाट चढायचा आहे. वय बहात्तर. त्यांचे टाळ मुलाच्या घरी नागपूरला राहिले. ‘‘बाई, तुमच्याकडं ते टाळ आहेत ना? त्या वर्षी वाजवलेत ते? एका दिवसापुरते द्याल?’’

मी लगेच हो म्हटले नाही. पेटी काढते, सापडले तर देते, असे म्हटले. सापडायचे काय होते त्यात? कुठे आहेत ते मला झोपेतही सांगता आले असते. रात्री पणजोबा डोळ्यांपुढे आले. चोखोबाच्या पायरीशी उभा असलेला माणूस. त्याने माळ का उतरवली आणि टाळ का ठेवले, हे विचारायला कोणी उरलेले नाही. दुसऱ्या दिवशी चिंच भिजत घातली.

घासायला तास लागला. दोरी सडली होती, नवी ओवली, आईसारखी दुहेरी गाठ मारली. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून जिना उतरले आणि समोर नेऊन दिले. माईंनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावले. चहा झाला, गुडघ्याला लावायच्या तेलाचे बोलणे झाले.

घरी येऊन हात धुताना आठवले. एक वाटी चिरलेली आहे हे सांगायचे राहून गेले.