प्लग लावलाय, पण चार्ज होत नाही

घरात एक कॉम्प्युटर इंजिनिअर असला की पेडण्यात त्या घराला फुकटचा वायरमन मिळाला असे धरून चालतात. मी बी.ई. होऊन बेंगळुरूत सॉफ्टवेअरचे काम करतो, पण चवथीला गावी आलो की मिक्सरपासून वायफायपर्यंत सगळे रुग्ण माझ्यासमोर येतात. यंदा अण्णांचा लॅपटॉप होता. पडद्यावर बॅटरी ११ टक्के, शेजारी प्लगचे चित्र, आणि आकडा तासभर जागचा हलत नाही. म्हापशातल्या एका दुकानदाराने आठ दिवस आधी नुसते हातात घेऊन ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले होते आणि नऊ हजारांचा खर्चही काढून दिला होता.

अण्णा निवृत्त मराठी शिक्षक. पौषात बायका मांडावर धालो खेळतात, त्यांची गाणी ते गेली पाच वर्षे एका बोटाने टाईप करताहेत. दीडशेच्या आसपास पाने झाली होती. त्याहून मोलाचे म्हणजे माझ्या आत्येने गायलेल्या गाण्यांचे रेकॉर्डिंग. आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. हे सगळे त्या एका लॅपटॉपात, दुसरी प्रत कुठेही नाही. अण्णांच्या मते, ‘कॉम्प्युटरात घातले म्हणजे सांभाळले गेले.’

म्हणून मी दुरुस्तीला हात लावण्याआधी पेन ड्राइव्ह काढला. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर हाच क्रम ठेवा. चार्जिंग बंद पडलेल्या लॅपटॉपात उरलेला चार्ज ही तुमची एकमेव शिल्लक असते. ती ‘चालू होतो का बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात घालवू नये. आधी आत्येचा आवाज, मग टाईप केलेली पाने, मग बाकीचे. निम्मे झाले आणि वीज गेली. बाहेर पाऊस, आत माटोळीच्या कांगल्या-नारळांखाली आम्ही दोघे पडद्याकडे बघतोय. ११चे ९ झाले, ९चे ७. अण्णा काही बोलले नाहीत. कॉपी पुरी झाली तेव्हा ६ टक्के होते. लॅपटॉप बंद केला आणि मग आम्ही चहा घेतला.

आता तपासणी. घरातल्या सगळ्यांचे निदान एकच होते, ‘दाब कमी आहे.’ आमच्याकडे संध्याकाळी दाब पडतो हे खरे, आणि फ्रीजला त्याचा त्रासही होतो. पण चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते ते वाचावे: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे आपल्या २३० चे १९० झाले तरी या डबीला फरक पडत नाही. (विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग भिंतीतून ओढून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.)

मग भिंतीकडून लॅपटॉपकडे एकेक पायरी. सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावला, चालला. एक्स्टेन्शन बोर्ड गणपतीच्या माळांनी भरलेला होता, तो बाजूला करून चार्जर सरळ भिंतीत लावला. चार्जरचा दिवा लागतो, म्हणजे तिथपर्यंत वीज येतेय. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरले. आतल्या सर्किटमध्ये अडकलेला चार्ज त्याने निघून जातो आणि कधीकधी एवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही. काही लॅपटॉपांत बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते आणि लोक तिलाच बिघाड समजतात. पण इथे आकडा ११ वर होता, तेव्हा तो प्रश्न नव्हता. बॅटरी फुगली असती तर टचपॅड वर उचललेला दिसला असता, आणि तसे दिसले तर चार्जिंगचा नाद सोडून लॅपटॉप बंद करायचा. तेही नव्हते. मल्टिमीटर लावला तर पिनेवर साडेएकोणीस व्होल्ट. अगदी बरोबर.

इथे गोष्ट रंगते. वीज पोचतेय, मग घेत का नाही? अण्णांना विचारले, चालू करताना काही संदेश येतो का. ‘येतो काहीतरी इंग्रजीत. मी बटण दाबून पुढे जातो.’ तो संदेश होता: ‘जोडलेला अ‍ॅडॅप्टर ओळखता येत नाही.’

काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध सुईएवढी एक तार असते. ती वीज नेत नाही, निरोप नेते: मी अमुक कंपनीचा, अमुक वॅटचा चार्जर आहे. हा निरोप पोचला नाही तर लॅपटॉपला कळत नाही की समोरच्याकडून किती वीज ओढावी. मग तो जपून वागतो, स्वतःपुरती वीज घेतो, प्रोसेसर धीमा करतो आणि बॅटरीला काही देत नाही. अण्णा महिनाभर म्हणत होते की लॅपटॉप म्हातारा झाला, हळू चालतो. ते त्याचे वय नव्हते. वायर डबीभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची सवय असली की पिनेच्या गळ्याशी ही नाजूक तार आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

खात्री करायला शेजारची मुलगी तिचा त्याच कंपनीचा चार्जर घेऊन आली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘दादा, आमचा पासष्ट वॅटचा, चालेल ना?’ असे तिने आपणहून विचारले, आणि मला बरे वाटले. चार्जर लावला. ६चे ७ झाले.

नवीन लॅपटॉपांना सी टाईप चार्जर येतात. त्यातही हाच संवाद चालतो, फक्त जास्त सविस्तर. आधी ५ व्होल्टवर ओळख होते, मग दोघांचे जमले तर ९, १५ किंवा २० व्होल्ट. म्हणून मोबाईलचा छोटा चार्जर किंवा साधी केबल लावली की पिन बसते पण चार्ज चढत नाही. युरोपियन युनियनने फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून हा एकच सॉकेट बंधनकारक केला. शेजारचा चार्जर मागायची वेळ आली की त्यातला फायदा कळतो.

चवथीच्या दिवसांत दुकाने बंद, म्हणून नवा चार्जर दीड दिवसाचे विसर्जन झाल्यावर आला. मदरबोर्ड अजून जागच्या जागी आहे. पेन ड्राइव्हच्या मी तीन प्रती केल्या. एक बेंगळुरूला नेली, एक कपाटात, आणि एक बांद्याला आत्येच्या मुलीकडे. चार दिवसांनी तिचा फोन आला, थेट अण्णांना. ‘मामा, आईने गायलेय ते वेगळे आहे. तुम्ही तिसऱ्या गाण्यात दोन ओळी उलट्या लिहिल्यात.’

अण्णांनी चष्मा लावला, रेकॉर्डिंग लावले आणि ते गाणे पुन्हा पहिल्यापासून टाईप करायला बसले.