खाडीएवढा फिश टँक

आज जरा लांब जाऊ या. प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई बेटं आहेत. त्यातलं एक ओआहू. या बेटावर नुउआनू पाली नावाचा घाटमाथा आहे. वारा असा की डोक्यावर टोपी ठरत नाही! पण कठड्याशी उभं राहून खाली बघा. हिरव्यागार कड्यांच्या पायथ्याशी निळं-पोपटी पाणी पसरलेलं दिसेल. ती कानेओहेची खाडी. तिथल्या भाषेत ‘काने’ म्हणजे पुरुष आणि ‘ओहे’ म्हणजे बांबू.

सुमारे तेरा किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या तोंडाशी प्रवाळांची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात, आत पाणी शांत. ओहोटीला भर खाडीत वाळूचा पट्टा वर येतो आणि लोक चक्क होडीतून उतरून तिथे उभे राहतात. आत जागोजागी प्रवाळांचे उंचवटे, त्यांवर रंगीबेरंगी मासे. निसर्गानं मांडलेला भलामोठा फिश टँकच म्हणा ना!

आणि गंमत बघा, घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांना जे दुखणं छळतं, तेच या खाडीला जडलं. शेवाळाचं.

घरच्या टँकमध्ये काय होतं? आपण कौतुकानं माशांना चिमूट चिमूट खाऊ टाकत राहतो. मासे खातात थोडं, उरलेलं तळाशी कुजतं. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात उतरतात. शेवाळाला ते खतच! वर दिवा दिवसभर चालू. मग आठ-पंधरा दिवसांत काचेवर हिरवा थर, दगडांवर केसांसारख्या जटा. प्रवाळाचा जीव मात्र गुदमरतो. तुम्ही म्हणाल, प्रवाळाला शेवाळ इतकं नकोसं का? तर तसंही नाही. प्रवाळाच्या अंगातच अगदी सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्याला भरवतं. पण बाहेरून दाट शेवाळ अंगावर चढलं, की ऊन अडतं आणि आतल्या शेवाळाचा कारखाना बंद पडतो.

कानेओहेत खाऊ टाकला माणसांनीच. वस्ती वाढली, तिचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं गेलं. हिरव्या फुग्यांसारखं एक शेवाळ प्रवाळांवर गादीसारखं पसरलं. शेवटी १९७७-७८ मध्ये सांडपाण्याचे नळ खाडीबाहेर, खोल समुद्रात नेले. खुराक कमी झाला, तसं शेवाळ ओसरू लागलं. तरी काही ठिकाणी ते हट्टानं टिकून होतं. मग मार्च २००६ मध्ये तिथे आठवडेच्या आठवडे पाऊस लागला, आभाळ झाकोळलेलं राहिलं आणि ऊन न मिळाल्यामुळे ते फुगेरी शेवाळ जवळजवळ नाहीसं झालं. टँकवाले दिवा रोज आठ-दहा तासच का लावतात, ते कळलं ना?

पण तोवर दुसरं संकट येऊन बसलं होतं. १९७० च्या दशकात काही समुद्री शेवाळं लागवडीचा प्रयोग म्हणून मुद्दाम या खाडीत आणली होती. त्यातल्या कॅपाफायकसपासून कॅराजिनन मिळतं. आइस्क्रीम, टूथपेस्ट दाट करायला ते वापरतात. लागवड थांबली, शेवाळ थांबलं नाही. तुटक्या तुकड्यातूनही ते पुन्हा वाढतं. आपल्याकडेही, तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटापाशी, हेच शेवाळ प्रवाळांवर चढल्याची नोंद २००८ साली झाली आहे.

हातानं उपटून कितीसं निघणार? म्हणून तिथल्या लोकांनी तराफ्यावर मोठा पंप बसवला. नाव ठेवलं ‘सुपर सकर’! पाणबुडे खाली शेवाळ सोडवून नळीच्या तोंडाशी देतात, पंप ते वर ओढतो. वर माणसं ते निवडतात, आपण पालेभाजी निवडतो तसं. अडकलेले छोटे जीव परत पाण्यात आणि शेवाळ शेतकऱ्यांना खत म्हणून. अळूच्या शेतात!

तरी कपारीत तुकडे उरायचेच. त्यांच्यासाठी सी-अर्चिन आणले. साळिंदराचा चेंडू करावा तसा हा काटेरी प्राणी, तिथलाच रहिवासी आणि पक्का शाकाहारी. खालच्या बाजूला तोंड, त्यात पाच दात. सरकत सरकत खडक खरवडत जातो. ओआहूवरच्याच एका केंद्रात त्यांची पिल्लं वाढवतात. छोट्या नाण्याएवढी झाली, की पाणबुडे ती हातानं प्रवाळांवर ठेवतात. २०११ पासून अशी पाच लाखांहून जास्त सोडली आहेत. जिथे पंप आणि सी-अर्चिन दोघांनी मिळून काम केलं, तिथल्या शेवाळात दोन वर्षांत ८५ टक्के घट झाली.

खाडीकाठी हेएइया नावाचं मोठ्या दगडी बांधाचं जुनं मत्स्यतळं आहे. काही शतकांपूर्वी बांधलेलं. जुने हवाईवासी त्या उथळ पाण्यात शेवाळ वाढू देत आणि त्यावर बोय मासे पोसत. बांधाच्या दारांना काठ्यांची जाळी. बारकी पिल्लं आत शिरायची, खाऊन जाडजूड झाली की बाहेर पडता यायचं नाही! मला विचाराल तर सुपर सकरपेक्षा ही युक्ती जास्त हुशारीची.

तुमच्या ओळखीत कुणाचा खाऱ्या पाण्याचा टँक असेल, तर त्यांना विचारा : खाऊ दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच टाकता ना? पाणी नळाचं थेट घालता, की गाळून क्षार काढलेलं? काच घासायला कोण, तुम्ही की शंखातल्या गोगलगाई? प्रवाळ मात्र समुद्रातून उचलून आणायचे नाहीत हं, आपल्या देशात तो गुन्हा आहे. आणि खरवडलेलं शेवाळ ओढ्यात, खाडीत अजिबात टाकायचं नाही. उन्हात कडकडीत वाळवायचं आणि मग कचऱ्यात.

कानेओहेच्या त्या सी-अर्चिनची एक खोड सांगायची राहिलीच. तो खडे, शिंपल्या, शेवाळाचे तुकडे गोळा करतो आणि टोपीसारखे डोक्यावर घेऊन हिंडतो. टँकमध्ये ठेवला, तर सैल ठेवलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून नेतो. टँकवाले सकाळी उठून शोधत बसतात, काल इथे ठेवलेलं प्रवाळ गेलं कुठे!