घाटावर, घाटाखाली

१७ जुलै २०२५, बुलढाणा
रात्रीपासून पावसाची झड आहे. आमच्या जिल्ह्यात तालुका विचारण्याआधी माणूस घाटावरचा की घाटाखालचा, हे विचारतात. अजिंठ्याची डोंगररांग मधून गेल्यामुळे तेरा तालुक्यांचे दोन भाग पडले. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, तर मलकापूर जेमतेम अडीचशेवर.

१८ जुलै
शेजारचा नववीतला मुलगा सेमीचं गणिताचं पुस्तक घेऊन आला. ‘बायसेक्ट’ या क्रियापदावर त्याचं अडलं होतं. वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, ते हे दुभागणं. सतराव्या शतकात भूमितीसाठी घडवलेला हा शब्द. ‘बाय’ म्हणजे दोन, आणि लॅटिन ‘सेकारे’ म्हणजे कापणं. सेक्शन, सेक्टर, सेगमेंट हे शब्दही त्याच धातूचे. ‘सेकारे’मध्ये समानता कुठेच नाही, दोन्ही भाग सारखे असावेत ही अट भूमितीने घातली. मुलगा समजून गेला, मी मात्र घाटाचा विचार करत राहिलो. घाटाने जिल्हा कापला खरा, पण दुभागला नाही.

२० जुलै
राजूर घाटाने मोताळ्याकडे उतरलो. ओहोळ भरून वाहत होते. पैनगंगा बुलढाणा तालुक्यातच, मढजवळच्या बुधनेश्वराला उगम पावते. येळगावच्या धरणातून शहराला पाणी देऊन ती पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहिता, गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जाते. नळगंगा आणि विश्वगंगाही याच परिसरातल्या, पण त्या उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतात. पूर्णा चांगदेवजवळ तापीला भेटते आणि ते पाणी अरबी समुद्राला जातं. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांमध्ये शेकडो मैलांचं अंतर पडू शकतं. लोणारच्या विवरात पडणारं पाणी तर कुठल्याच समुद्राला जात नाही. त्याला बाहेरची वाटच नाही.

२२ जुलै, शेगाव
इकडे खारपाण पट्टा. जमीन काळी, कसदार, पण विहिरीला खारं पाणी. ते पिकाला देता येत नाही आणि प्यायलाही चालत नाही. इथल्या शेतकऱ्याची भिस्त पावसावर आणि वरून येणाऱ्या नद्यांवर. म्हणून बोथ्याचं जंगल, ज्ञानगंगा अभयारण्य, हे घाटाखालच्यांचंही आहे. वरचा उतार उघडा पडला तर पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावतं, आणि तो गाळ खालच्या धरणात साचतो.

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्यांनी मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत आणायचं, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी तापीच्या खोऱ्यात घ्यायचं. हे व्हावं, अशी मनापासून इच्छा आहे. पण ते पाणी पोहोचेपर्यंत कितीतरी पावसाळे जातील. तोवर घाटावरच्या गावांनी बांधबंदिस्ती करावी, डोंगरावरची झाडं राखावीत. घाटाखालच्यांनी त्या कामाला आपलं समजून हात आणि पैसा द्यावा. जिल्हा परिषदेच्या आराखड्यातही नदीचा उगम आणि तिच्या काठचं शेवटचं गाव एकाच पानावर यायला हवं.