यवतेश्वराचा घाट पुढच्या वर्षी

वाई, रविवार

चि. मुक्ता,


पत्र पोचलं. त्याच्या आधी वहिनीचा फोन येऊन गेला होता. "वन्सं, तुमचंच ऐकते ती, तुम्ही तरी समजवा." समजावते, पण तिला हवं तसं नाही. तू धाव. साताऱ्याची हिल मॅरेथॉनसुद्धा धाव. फक्त यंदा नको. का, ते सांगते.

त्याआधी एक विनंती. 'आजारावर मात करून धावली' छापाची कात्रणं मला पाठवू नकोस. मात वगैरे काही होत नसते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी आपल्याच प्रतिकारशक्तीने मारल्यात, त्या धावून परत येत नाहीत. 1922 साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं, त्याआधी आपल्यासारख्यांचं आयुष्य निदानानंतर बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांचं. आज टीम नोव्हो नॉर्डिस्क हा व्यावसायिक सायकलपटूंचा अख्खा संघ आपल्यासारख्या टाईप 1 मधुमेहवाल्यांचा आहे आणि मिलान-सान रेमोसारख्या जवळजवळ तीनशे किलोमीटरच्या शर्यतीत तो उतरलाय. गंमत म्हणजे इन्सुलिन 'वाडा' या उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. ज्याच्यावर जगायचं तेच टोचायला त्या पोरांना कागदपत्रं देऊन परवानगी काढावी लागते! त्यांच्या मागे डॉक्टर आणि मदतीच्या गाड्या असतात. तुझ्याकडे वही आहे. ती नीट लिही.

आता मुद्द्याचं. धावायला लागलं की निरोगी माणसाचं शरीर आपोआप इन्सुलिन कमी करतं. आपलं टोचलेलं, एकदा आत गेलं की परत काढून घेता येत नाही. त्यात राबणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतात. म्हणजे दोन्हीकडून उतारच. म्हणून सराव पहाटे कर, जेवणाचं इन्सुलिन अंगात नसताना. निघताना साखर 126 ते 180 मध्ये असली तर उत्तम. 90 च्या खाली असली तर आधी खा, थोडं थांब. 270 च्या वर असून किटोनही निघाले तर बूट काढून ठेव, त्या दिवशी धावायचं नाही. आणि धावण्याआधीचं इंजेक्शन मांडीत घेऊ नकोस, पळत्या पायातून ते फार लवकर भिनतं.

वेताळ टेकडीवर चढाचा सराव चाललाय म्हणतेस, चांगलंच आहे. पण साताऱ्याच्या शर्यतीतला यवतेश्वराचा घाट म्हणजे निम्मी शर्यत चढाची. तिथे सगळ्यांनाच घाम फुटतो, छाती धडधडते, पाय लटपटतात. साखर उतरल्याची लक्षणंही नेमकी हीच. दमलीस की साखर उतरली, हे अंगावरून कळत नाही. दंडावरचा सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर भराभर उतरत असली की तो 110 दाखवतो आणि तू तोवर बरीच खाली गेलेली असतेस. आकड्यापेक्षा साखर कुठल्या दिशेला चाललीय ते दाखवणारा बाण बघ. शंका आली तर थांब आणि बोट टोचून बघ. मागून येणारे पुढे गेले तर जाऊ देत.

वहिनी शेंगदाण्याची चिक्की बांधून देईल. घे, पण खायची ती धावून झाल्यावर. शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो आणि डोकं गरगरायला लागल्यावर तेवढा वेळ नसतो. कमरेच्या पट्ट्यात ग्लुकोजची पावडर ठेव. पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे, खायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तोवर एका जागी बसायचं.

मला शर्यतीपेक्षा रात्रीची काळजी जास्त. लांब धावल्यावर स्नायू कित्येक तास साखरेचा साठा भरून काढत राहतात आणि मध्यरात्री, गाढ झोपेत, साखर घसरते. त्या रात्रीचं बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, किती कमी करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घे. माझा आकडा उचलू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला सांगून ठेव की शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं.

आणखी एक. सतत थकवा वाटतोय म्हणून प्रत्येक वेळी सरावाला दोष देऊ नकोस. आपल्यासारख्यांत थायरॉईडचा आणि गव्हाने होणारा सिलिअ‍ॅक हे आजार जास्त दिसतात. तेही याच कुळातले. दोन्हींची रक्ततपासणी करून घे.

आता यंदा का नको. निदान होऊन तुला जेमतेम चार महिने झालेत. या काळात उरल्यासुरल्या पेशी अजून थोडं इन्सुलिन करतात, म्हणून तुला डोस कमी पुरतोय आणि सगळं आटोक्यात आल्यासारखं वाटतंय. डॉक्टर याला 'हनीमून' म्हणतात; नाव कुणी ठेवलं देव जाणे. तो संपला की आज वहीत लिहिलेले आकडे उपयोगाचे राहत नाहीत. बदलत्या आकड्यांवर घाट चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा स्वतःची साखर ओळख. उन्हाळ्यात पेन स्कूटरच्या डिकीत ठेवू नकोस, उन्हाने इन्सुलिन नासतं आणि वरून दिसतही नाही.

या हिवाळ्यात पुण्यातली सपाटीवरची दहा किलोमीटरची शर्यत धाव. बिबच्या मागच्या बाजूला 'टाईप 1, इन्सुलिनवर' असं ठळक लिही आणि वहिनीचा नंबर टाक. सोबत धावणाऱ्यांपासूनही लपवू नकोस. घाटाची नोंदणी पुढच्या वर्षी दोघींची मिळून करू.

तुझी,
आत्या