कुठेही चालतं, पण इथे?

डॉकर बसवायला किती वेळ लागतो, असं प्रोजेक्ट मॅनेजर विचारतात तेव्हा त्यांना मिनिटांतलं उत्तर हवं असतं. ते उत्तर खोटंही नाही. रेपो जोडा, पॅकेज घ्या, सेवा सुरू करा, रीबूटनंतर ती आपोआप उठेल अशी सोय करा, ‘हॅलो-वर्ल्ड’ चालवून बघा. चहा निवायच्या आत होतं. क्लाउडवर नुकत्याच घेतलेल्या कोऱ्या मशीनवर तर नक्कीच होतं. माझ्या वाट्याला येतो तो सर्व्हर मात्र कोरा नसतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स सात किंवा आठ, कुणीतरी कधीतरी बसवलेलं, आणि तो बसवणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला. वर एक बॅकअप एजंट, एक अँटिव्हायरस, आणि क्रॉनमध्ये रात्री दोनला चालणारी, नावावरून काहीच बोध न होणारी एक स्क्रिप्ट. जुन्या वाड्यात नळ घ्यायला बोलावलेला जाणता प्लंबर आधी भिंत ठोकून बघतो; माझंही निम्मं काम ठोकून बघण्याचंच.

मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्सने डॉकर पहिल्यांदा लोकांपुढे मांडलं, तेही जेमतेम पाच मिनिटांच्या भाषणात. खालची यंत्रणा तेव्हा नवी नव्हती. सीग्रुप्सचं, म्हणजे प्रोसेसना मेमरी-सीपीयूची मर्यादा घालणाऱ्या कर्नलमधल्या सोयीचं, काम गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलं होतं, आणि ते २००८ च्या जानेवारीत २.६.२४ या कर्नलमधून सगळ्यांच्या हाती आलं. डॉकरने त्यावर डबा, म्हणजे कंटेनर, बांधला आणि सांगितलं, की हा डबा कुठेही न्या, आतलं चालेल. डेव्हलपरच्या दृष्टीने हे बऱ्याच अंशी खरं ठरलं. मात्र त्याला ‘कुठेही’ म्हणता यावं म्हणून कुणालातरी ‘इथे’ काय आहे ते नीट माहीत असावं लागतं. ते काम आमच्याकडे येतं.

डिस्कपासून सुरुवात करतो. डॉकर आपला सगळा पसारा /व्हार/लिब/डॉकर या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि बँकांच्या सर्व्हरवर /व्हार हे वेगळं, हात आखडून दिलेलं पार्टिशन असतं. इमेजेस, म्हणजे कंटेनरचे साचे, साठत गेल्या की ते भरतं, आणि ते भरलं की लॉग लिहिणं थांबतं. मग ज्यांचा डॉकरशी काही संबंध नाही अशा सेवाही रडायला लागतात. म्हणून त्याला स्वतंत्र व्हॉल्यूम मागून घ्यायचा, आणि त्यावरून वाद घालावा लागला तर घालायचा. दुसरं, एक्सएफएस-इन्फो चालवून ‘एफटाइप’समोर एक आहे की शून्य ते बघायचं. रेड हॅट सातच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी बनवलेल्या फाइलसिस्टिमवर तिथे शून्य सापडतं, आणि ओव्हरले-टू हा स्टोरेज ड्रायव्हर त्यावर धड चालत नाही. हा आकडा फाइलसिस्टिम बनवतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. म्हणजे नवा व्हॉल्यूम घ्या, नाहीतर डेटा हलवून पुन्हा फॉरमॅट करा. हे चेंज विंडोच्या आधी कळलं तर एक ईमेल पुरतो. रात्री दीड वाजता कळलं तर बदल मागे घ्यावा लागतो.

नेटवर्कची गंमत आणखी वेगळी. एका ग्राहकाकडे डॉकर बसलं, सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, आणि सकाळी तक्रार आली की सर्व्हर बंद आहे. बंद नव्हता. खालच्या तीन मजल्यांवरून दिसत होता, फक्त चौथ्या मजल्यावरून दिसत नव्हता. लोकांनी आधी केबल तपासल्या, मग स्विच, मग फायरवॉलवाल्यांना फोन. मला बोलावल्यावर मी सर्व्हरचं राउटिंग टेबल उघडलं. त्यात एक ओळ होती: १७२.१७.०.०/१६, जायचं डॉकर-झीरोकडे. चौथ्या मजल्याचे पत्ते नेमके १७२.१७ ने सुरू होणारे. त्या मजल्यावरून आलेली विनंती सर्व्हरपर्यंत नीट पोचत होती. उत्तर मात्र मजल्याकडे न जाता डॉकरने स्वतःसाठी बांधलेल्या पुलाकडे वळत होतं आणि तिथेच जिरत होतं. डॉकर हा पत्ता घेण्यापूर्वी मशीनवरचे रूट बघतो, नाही असं नाही. पण चौथा मजला डिफॉल्ट गेटवेच्या पलीकडे होता, त्याची वेगळी नोंद सर्व्हरवर नव्हतीच. डॉकरला ती जागा मोकळी दिसली. डेमन डॉट जेसन या फाइलमध्ये ‘बिप’ आणि ‘डिफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स’ या दोन नोंदी करून आम्ही डॉकरला दुसरी रेंज दिली. ती कोणती द्यायची हे मात्र सर्व्हर सांगू शकत नाही. नेटवर्क टीममधल्या जुन्या माणसाला विचारावं लागतं, आणि त्याची एक्सेल शीट मागून घ्यावी लागते.

प्रॉक्सीचं थोडक्यात. टर्मिनलमध्ये प्रॉक्सी लावली, कर्ल चालतं, पण डॉकर पुल अडकून बसतं, ही तक्रार दर नव्या माणसाकडून येते. इमेज आणणारा तुम्ही नसता, पार्श्वभूमीत चालणारा डेमन असतो. त्याला सिस्टिमडीने उठवलेलं असतं, तुमच्या टर्मिनलमधलं त्याला काही ठाऊक नसतं. प्रॉक्सी त्याच्या सर्व्हिस फाइलच्या जोडीला लिहायची, डेमन-रीलोड करायचं, सेवा पुन्हा सुरू करायची. बस.

आता सेलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोसेसने कुठल्या फाइलला हात लावायचा हे लेबलांवरून ठरवणारा कर्नलमधला पहारेकरी. आमच्या धंद्यात सर्वांत जास्त वेळा टाइप झालेली चुकीची कमांड कोणती, तर माझ्या मते ‘सेटएन्फोर्स शून्य’. कंटेनरला सर्व्हरवरचं एक फोल्डर जोडून दिलेलं असतं, आतला प्रोग्राम ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो, माणूस सीएचमोड सातशे सत्याहत्तर मारतो, तरीही तेच, मग तो वैतागून सेलिनक्सच झोपवतो. पण इथे प्रश्न मालकी-परवानगीचा नसतोच. कंटेनरमधल्या प्रोसेसवर ‘कंटेनर-टी’ असं लेबल असतं, आणि तिला ‘कंटेनर-फाइल-टी’ लेबलाच्या फाइलींमध्येच लिहिता येतं. ऑडिट लॉगमध्ये प्रोसेसचं लेबल आणि अडलेल्या फाइलचं लेबल अशी दोन्ही एकाच ओळीत शेजारी-शेजारी छापलेली असतात. वाचली की भांडण कुणाकुणात आहे ते कळतं. उपाय म्हणजे फोल्डर जोडताना शेवटी कोलन आणि मोठा झेड. त्याने त्या फोल्डरचं लेबल बदलतं. तो झेड /होम किंवा /यूएसआरला मात्र कधी लावू नये. सगळ्या फाइलींची लेबलं बदलतात आणि सर्व्हरच धड चालेनासा होतो.

यात एक खोच आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. डॉकर कंपनीचं स्वतःचं पॅकेज घेतलंत तर कंटेनरसाठीची ही सेलिनक्स जोडणी मुळात बंद असते. डेमन डॉट जेसनमध्ये ती चालू करावी लागते. डॉकरच्या जागी रेड हॅट जे देतं, त्या पॉडमनमध्ये ती पहिल्यापासून चालू. म्हणून डेव्हलपर म्हणतात, ‘सर, डॉकरवर चालत होतं, तुमच्या पॉडमनवर चालत नाही.’ चालत होतं, कारण पहारेकरी जागेवरच नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणाऱ्या रनसी या प्रोग्राममधली मोठी त्रुटी बाहेर आली, जिच्यामुळे कंटेनरमधून थेट यजमान मशीनवर रूट होता येत होतं. रेड हॅटच्या ज्या मशीनवर सेलिनक्स कंटेनरना लागू होता, तिथे तो हल्ला अडत होता. तेव्हापासून या विषयावर मी मीटिंगमध्ये तडजोड करत नाही.

पॉडमनचा विषय निघालाच आहे. रेड हॅट सातवर एक्स्ट्राज नावाचा रेपो चालू केला की डॉकर मिळायचं. मे २०१९ मध्ये आठवी आवृत्ती आली आणि त्यातून डॉकर गायब. त्या जागी पॉडमन, बिल्डा आणि स्कोपिओ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉकर कंपनीने आपला एंटरप्राइझ धंदा मिरँटिसला विकला. ग्राहक विचारायचे, आता आम्ही काय करायचं? मला स्वतःला पॉडमनकडे जाणं पटलं, ते ऑडिटमुळे. डॉकर गटात घातलेला माणूस सर्व्हरची मूळ डिरेक्टरीच कंटेनरला जोडून आत रूट म्हणून बसू शकतो. म्हणजे त्या गटात नाव घालणं आणि रूटचा पासवर्ड देणं यांत फारसा फरक नाही. पॉडमनला डेमनही लागत नाही आणि रूटही लागत नाही. फक्त त्या युजरसाठी ‘लिंगर’ चालू करायला विसरू नये. नाहीतर तो लॉगआउट झाला की त्याचे कंटेनरही बंद पडतात, आणि संध्याकाळी सहानंतर अ‍ॅप्लिकेशन का बंद होतं यावर आठवडाभर ईमेलची साखळी चालते.

आणि तरीही ‘कुठेही’चा खरा कस लागला तो रेड हॅट नऊवर. एका टीमची जावा आठची जुनी इमेज होती, रेड हॅट आठच्या सर्व्हरवर दोन जीबीच्या मर्यादेत गुण्यागोविंदाने चालणारी. तीच इमेज, तीच मर्यादा, सर्व्हर नवा, चौसष्ट जीबीचा. आणि कंटेनर थोडा वेळ चालून मरायचा, एक्झिट कोड १३७. डबा तोच असला तरी खालचा कर्नल यजमानाचा असतो. नऊमध्ये सीग्रुप्सची दुसरी पद्धत डिफॉल्ट झाली, आणि जावा आठला ती ८यू३७२ या अपडेटपासून कळायला लागली. त्याआधीची जावा मर्यादा शोधते, तिला ती सापडत नाही, मग ती संपूर्ण मशीनची मेमरी बघते आणि तिच्या पाव भागापर्यंत, म्हणजे सोळा जीबीपर्यंत, हीप वाढवायला मोकळी होते. दोन जीबी ओलांडले की कर्नल तिला मारतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर वागत असतात.

इमेजमधली जावा बदलून तो प्रश्न सुटला. मग मी आमच्या विनंती अर्जात एक रकाना वाढवला: इमेजच्या आत जावाची नेमकी आवृत्ती कोणती? बहुतेक टीम तिथे अजूनही ‘लेटेस्ट’ एवढंच लिहून पाठवतात, आणि मग मी फोन लावतो.